पत्रू टेलरचा बावीस

पत्रू रामटेकेच्या लग्नाचा फोटो त्याच्या दुकानात शिलाई मशीनच्या वर टांगलेला आहे. त्यात भागीरथा ठळक दिसते. पत्रूही आहे, पण तो दाखवावा लागतो. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "नवरदेव कुठी हाय?" मग पत्रू कात्रीच्या टोकानं हाराच्या मागची जागा दाखवतो.

तो लहानपणापासूनच असा. शाळेत पोरं त्याला तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, म्हणायची. कबड्डीत कोणी त्याला घ्यायचं नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या बांधीत उतरला, की चिखलात रुतलेला पाय काढायला दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागायचं. शेवटी बापानं हात टेकले आणि त्याला चामोर्शीला एका टेलरकडे शिकायला ठेवलं. बसून करायचं काम त्याला मानवलं. गावात परतून त्यानं दुकान टाकलं, लग्न झालं, पोरगी झाली, ती दिव्यानी आता चंद्रपूरला नर्सिंग शिकते. पत्रू पन्नाशीला टेकला, तरी गावाची गंमत काही संपली नाही. "वारा सुटला हाय पत्रूभाऊ, मशीनले धरून बसजो," असं जाता-येता कोणी ना कोणी म्हणायचंच. पत्रू हसायचा. हसून झालं की पायडल जरा जोरात मारायचा.

घरी तर विचारूच नका. भागीरथा धानाचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून अशी यायची, की समोरचा माणूस बाजूला व्हायचा. तिच्यामागे पत्रू यायचा, हातात पाण्याची बाटली. आणि जिवलग मित्र म्हणावा तर सोमाजी, राइस मिलमधला हमाल. दोन पोती एका दमात उचलणारा. एकदा पावसाळ्यात नाला भरला होता, तेव्हा सोमाजीनं पत्रूला काखेत धरून पलीकडे ठेवलं होतं. ठेवलं, हाच शब्द. ते साऱ्या गावानं पाहिलं होतं.

असा हा माणूस. त्याचं नशीब उघडलं ते दिवाळीनंतरच्या मंडईत.

गावची मंडई म्हणजे पाळणे, जिलेबी, पाहुणे आणि नाटक. त्या वर्षी जिलेबीच्या दुकानाशेजारी आरोग्य खात्यानंही एक टेबल मांडलं होतं. उपकेंद्रात नव्यानं आलेल्या मयुरी मॅडम तिथे बसल्या होत्या. मुलगी गडचांदूरची, वय जेमतेम दिव्यानीपेक्षा थोडं जास्त, पण आवाजात दम होता. सोमाजी जिलेबीच्या रांगेत उभा होता, भागीरथा घरी पाहुण्यांसाठी वडे तळत होती, आणि पत्रूला करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तो तिथल्या वजनकाट्यावर चढला.

मॅडमनी वजन पाहिलं, उंची पाहिली, मोबाईलवर आकडेमोड केली आणि म्हणाल्या, "बीएमआय बावीस पॉइंट एक. नॉर्मल."

"म्हंजे?"

"म्हणजे उंचीच्या मानानं तुमचं वजन बरोबर आहे, काका."

पत्रू काट्यावरून खाली उतरलाच नाही. त्याच्या वजनाबद्दल 'बरोबर' हा शब्द आजवर कोणी वापरला नव्हता. सख्ख्या आईनंही नाही.

"मॅडम, जरा मोठ्यानं सांगा न."

मॅडमनी मोठ्यानं सांगितलं. त्यापुढे त्या असंही म्हणाल्या, की चाळिशीच्या वरच्या सगळ्यांची साखर तपासायची आहे, तेव्हा एकदा सकाळी उपाशीपोटी उपकेंद्रात या. पण पत्रूचे कान 'नॉर्मल'वरच बंद झाले होते. मॅडमनी दिलेली चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी त्यानं चामोर्शीला नेऊन लॅमिनेट केली आणि फोटोच्या शेजारी लावली. येताना आठवडी बाजारातून वजनकाटाही आणला, पाय ठेवला की लाल आकडे दाखवणारा.

"हे कायले?" भागीरथानं विचारलं.

"गावाले गरज हाय," पत्रू म्हणाला.

चिठ्ठीच्या मागं रीत छापलेली होती. किलोतलं वजन वर, रेघेखाली मीटरमधली उंची. त्या मीटरच्या डोक्यावर एक बारीकसा दोन बसला होता, गुळावर माशी बसावी तसा. पत्रूनं तो छपाईतला डाग समजून सोडून दिला. वजनाला उंचीनं भागायचं, विषय संपला. उंची मोजायला त्याच्या गळ्यात टेप होताच. दाराच्या चौकटीवर त्यानं खडूनं खुणा केल्या आणि पहिला मान घरच्या माणसाला दिला.

भागीरथा काट्यावर उभी राहिली, एकसष्ट किलो. चौकटीला टेकली, एक मीटर बावन्न. तेवढ्यासाठी पत्रूनं तिचा अंबाडा दाबून धरला होता. मोबाईलवर भागाकार झाला आणि पत्रूचा चेहरा पडला.

"चाळीस."

"बरे हायेत न मंग," भागीरथा म्हणाली. "पस्तीसले तं पास रायते."

"अवो, ह्या परीक्षेत कमी पायजे! पंचवीसच्या वर गेलं का धोका, तीसच्या वर लठ्ठपणा. तू चाळीस हायेस."

"अन् तुमी?"

"बावीस," पत्रू भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला. स्वतःचा आकडा पुन्हा काढायची त्याला गरज वाटली नाही. तो तर छापील होता.

भागीरथा विळा घेऊन शेतात निघून गेली. तिला धान कापायचं होतं, बांधायचं होतं, चाळिसाची चिंता करायला तिच्याकडे सवड नव्हती. पण गावाकडे होती. मंडईनंतर लग्नसराई तोंडावर आली, की पत्रूच्या दुकानात दिवसभर बाया-माणसांची ये-जा असते. ब्लाउज शिवायला आलेली बाई आधी काट्यावर चढू लागली. पत्रू भागाकार करायचा, मान हलवायचा आणि गंभीर आवाजात आकडा सांगायचा. चौतीस. अडतीस. एकेचाळीस. अख्ख्या गावात एकटा पत्रू तेवढा नॉर्मल निघाला, आणि त्याला याचं नवल वाटलं नाही. इतकी वर्षं आपल्याला नावं ठेवणारे हे सगळे आतून असे पोकळ होते, हे त्याला आता नीट कळत होतं.

लटारूची सून माधवी सातव्या महिन्यात होती. ती ब्लाउज उसवून सैल करायला आली, तर पत्रूनं तिलाही काट्यावर चढवून जेवण कमी करायला सांगितलं. तिची सासू भांडायला आली, ती दुकानासमोरून बराच वेळ हलली नाही. म्हाताऱ्या सोनीबाईला त्यानं चौकटीला टेकवलं आणि म्हणाला, "बाई, जरा सरळ उभी राय, वाकून उंची कमी येते, आकडा वाढते."

"सरळ राहता आलं असतं, तं तुया दाराले कायले टेकली असती रे?" सोनीबाई म्हणाली आणि त्याच्याच खुर्चीवर बसून चहा मागवला.

चहा तर पत्रूच्या दुकानात चालूच असायचा. गिऱ्हाईक आलं की एक, गेलं की एक, दोऱ्याचं रीळ संपलं की एक. समोरच्या टपरीवाल्याला त्याची चव माहीत होती. साखर तळाशी बसली पाहिजे. बारक्या माणसाला काय होतंय, असं पत्रूचं म्हणणं, आणि आता तर त्याला छापील आधार होता.

मग एके दिवशी सोमाजी आला. त्याला काटा-बिटा काही नको होता, पँटचा पाय उसवला होता. पण पत्रू सोडणार थोडाच. चौऱ्याऐंशी किलो. एक मीटर अडुसष्ट. भागाकार.

पत्रूनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला.

"किती?" सोमाजीनं विचारलं.

"पन्नास."

"पन्नास काय?"

"सोमाजी, चिठ्ठीवर तीसच्या पुढं आकडेच नाईत. तू कागदाच्या बाहेर गेला हायेस."

एरवी सोमाजी हसला असता. पण मागच्या उन्हाळ्यात त्याचा मोठा भाऊ चालता-बोलता मिलच्या अंगणात कोसळला होता आणि उठलाच नव्हता. तेव्हापासून छातीत जरा कळ आली की सोमाजी एकटाच बाजूला जाऊन बसायचा, कोणाला सांगायचा नाही. तो स्टुलावर बसला. एवढा धिप्पाड माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"काय करू पत्रूभाऊ?"

आयुष्यात पहिल्यांदा सोमाजी पत्रूला काय करू म्हणून विचारत होता. पत्रूनं घसा साफ केला. "भात बंद," तो म्हणाला. "तेल बंद. काकडी खायची. फार तं एक भाकर."

भात बंद! जो माणूस धानाच्या मुलखात जन्मला, दिवसभर तांदळाच्या पोत्याखाली असतो, ज्याच्या केसांतसुद्धा कोंडा असतो, त्यानं भात बंद केला. केसरबाईनं, म्हणजे सोमाजीच्या बायकोनं, ताट वाढलं की तो ताट सरकवायचा. ती ओरडली, रडली, भुताखेताची शंका म्हणून शेजारणीकडून दृष्टही काढून घेतली. सोमाजी काकडी कचाकचा चावायचा आणि मिलमध्ये जायचा. पोती मात्र तेवढीच उचलायचा.

हे किती दिवस चालणार? एका दुपारी पाठीवर पोतं असताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शहाणपण एवढंच केलं, की पडण्याआधी तो बसला. पोतं पाठीवरून घसरलं, मिलच्या मुनीमाच्या स्कूटरवर आपटलं आणि फुटलं. मुनीम बाहेर आला तेव्हा स्कूटर तांदळाखाली होती आणि शेजारी सोमाजी घामानं ओला होऊन बसला होता. चौघांनी त्याला हातगाडीवर घालून घरी आणलं. केसरबाईनं गुळाचं पाणी पाजलं, मग भात-वरण भरवलं, आणि नवरा उठून बसल्याबरोबर कोणी सांगितलं होतं हे त्याच्या तोंडून काढून घेतलं.

ती दुकानात शिरली तेव्हा पत्रू एका नवरदेवाच्या कुर्त्याला काजं करत होता.

"भाऊजी," केसरबाई म्हणाली, "तुमी डाक्टर कधीपासून झाले?"

"वहिनी, मी नाई, हे शास्त्र हाय..."

"शास्त्र हाय न? चढा."

"कुठी?"

"काट्यावर चढा. तुमचं शास्त्र माह्यासमोर करून दाखवा. स्वतःवर."

"माहं झालेलं हाय, हे पाहा, छापील..."

"चढा म्हणून राह्यली न मी!"

दुकानासमोर आठ-दहा लोक गोळा झाले होते. पत्रू चढला. अठ्ठावन्न किलो. चौकटीला टेकला. एक मीटर बासष्ट. केसरबाईनं मोबाईल त्याच्या हातात ठेवला आणि बोटाकडे बघत उभी राहिली. पत्रूनं भागाकार केला. मग पुसला आणि पुन्हा केला. मग मोबाईल बंद करून चालू केला आणि पुन्हा केला.

"किती?"

पत्रू आकडा अंगठ्यानं झाकू लागला. बाहेरून कोणीतरी डोकावून वाचलं, "पस्तीस पॉइंट आठ!"

"तुराटी लठ्ठ निघाली!" दुसरा कोणी ओरडला, आणि जे हसणं सुरू झालं ते टपरीपर्यंत गेलं.

केसरबाई मात्र हसली नाही. "चला," ती म्हणाली. "कोण खरं अन् कोण खोटं, ते मॅडमच सांगन."

उपकेंद्रात वरात गेली ती अशी. पुढे केसरबाई, तिच्या हातात पुरावा म्हणून वजनकाटा. मागे सोमाजी, त्याला भिंतीभिंतीनं चालायला सांगितलं होतं. मग पत्रू, भिंतीवरून काढलेली चिठ्ठी छातीशी धरून. आणि शेतातून निघालेली भागीरथा वाटेत भेटली, ती नवऱ्याचा चेहरा पाहून काही न विचारता सोबत आली.

मयुरी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हसू येत होतं ते त्यांनी पाणी पिऊन गिळलं. मग चिठ्ठीचा मागचा भाग पाहिला.

"काका, हा वर बारीक दोन आहे, तो दिसला का?"

"डाग हाय न थो?"

"डाग नाही. उंचीला उंचीनंच गुणायचं, आणि जो आकडा येईल त्यानं वजनाला भागायचं. तुम्ही एकदाच भागलं, म्हणून सारं गाव फुगलं."

त्यांनी करून दाखवलं. पत्रू पुन्हा बावीसवर आला आणि त्याच्या जिवात जीव आला. भागीरथाची चाळिशी सव्वीसवर उतरली. सोमाजी पन्नासवरून तीसच्या जरा खाली आला. केसरबाईनं विजयानं पत्रूकडे पाहिलं, पण पत्रूनं चिठ्ठी पुढं केली. "तरी पंचवीसच्या वरच हाय न मॅडम? लठ्ठच न?"

मॅडमनी सोमाजीला शर्ट काढायला सांगितलं. ते खांदे, ती पाठ, दंडावरच्या त्या गाठी त्यांनी पाहिल्या. मग म्हणाल्या, "हा आकडा फक्त वजन आणि उंची पाहतो. वजन मांसाचं आहे का चरबीचं, हे त्याला कळत नाही. चरबी असली तर ती कुठं बसली आहे, तेही कळत नाही. जन्मभर पोती उचललेल्या माणसाचं वजन जास्तच भरणार. अन् पोटुशी बाई, लहान लेकरू, पाठीत वाकलेली म्हातारी, ह्यांना तर हा हिशोब असा लावायचाच नसतो."

पत्रूनं माधवीची सासू आणि सोनीबाई आठवून मान खाली घातली. "मंग कायच्या कामाचा थो आकडा? फेकून द्यायचा?"

"नाही, फेकायचा कशाला? गावात एवढी माणसं, त्यात आधी कोणाला तपासायचं, ते ठरवायला कामाचा आहे. पण तपासणी आपल्यालाच करावी लागते. टेप द्या तुमचा, आमचा ताणून ताणून ढिला झालाय."

पत्रूनं गळ्यातला टेप काढून दिला. मॅडमनी सोमाजीची कंबर बेंबीच्या रेषेत मोजली, शहाऐंशी सेंटिमीटर. पुरुषांची नव्वदच्या आत हवी, म्हणजे बरी होती. रक्तदाब तपासला, तोही बरा. छातीतल्या कळेबद्दल त्यांनी खोदून विचारलं आणि चामोर्शीला एकदा ईसीजी काढून घ्या म्हणून सांगितलं. मग तोंड उघडायला लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "वजनाचं राहू द्या, हा तंबाखूचा खर्रा सोडा आधी."

"हे तं मी लग्नापासून सांगून राह्यली," केसरबाई म्हणाली.

भागीरथाची कंबर बायकांच्या ऐंशीच्या मर्यादेच्या थोडी वर निघाली. "तेल जरा कमी करा, दोनेक किलो उतरलं तर चांगलं," मॅडम म्हणाल्या. "मी कायले आली इथी?" भागीरथा पुटपुटली.

"आता माही मोजा," पत्रू पुढं होऊन म्हणाला. "सगळ्याइले दिसू द्या." तो ताठ उभा राहिला. टेप कमरेला लागताच त्यानं पोट आत घेतलं.

"श्वास सोडा काका."

"सोडला."

"नाही सोडला."

मॅडम टेप धरून थांबल्या. त्यांना घाई नव्हती. पत्रूचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. सोमाजी काळजीनं पुढं सरकला. शेवटी एक मोठा फुस्स असा आवाज आला आणि पत्रूच्या सडपातळ अंगावर, शर्टाच्या आड इतकी वर्षं लपून बसलेलं एक गोल पोट बाहेर येऊन टेपवर बसलं.

"त्र्याण्णव," मॅडम म्हणाल्या.

"टेप आकसला असन," पत्रू म्हणाला. टेलरनं आपल्या टेपवर असा आळ घेतलेला त्या गावानं कधी ऐकला नव्हता.

"उद्या सकाळी उपाशीपोटी या. चहासुद्धा नाही. चाळिशीच्या वरचे सगळेच या, मंडईतच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी चौघंही गेले. भागीरथाची साखर ठीक. केसरबाईची ठीक. सोमाजीची ठीक. पत्रूची मात्र एकशे सेहेचाळीस; उपाशीपोटी ती शंभरच्या आत हवी. मॅडमनी चामोर्शीला पाठवलं, तिथे पुन्हा रक्त तपासलं, तेच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, चहातली साखर बंद केली, भात अर्ध्यावर आणला आणि रोज चालायला सांगितलं.

परतताना बसमध्ये पत्रू खिडकीकडे तोंड करून बसला. "मी तं बारीक हावो," तो म्हणाला. "बारक्या माणसाले हे काऊन व्हावं?"

भागीरथानं पिशवीतून पेरू काढला, मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. "बरं झालं, लवकर समजलं," ती म्हणाली. "केसरबाई भांडली नसती तं तुमी गेले असते का उपकेंद्रात?"

पत्रूनं पेरू खाल्ला. संध्याकाळी तो सोमाजीकडे गेला. ओट्यावर टेकला. "त्या पोत्याचं..." असं त्यानं सुरू केलं, तर सोमाजी म्हणाला, "जाऊ दे न भाऊ. तुया भागाकारापायी ईसीजी तं निघाला. साफ हाय. भाऊ गेल्यापासून आता कुठी झोप लागून राह्यली." तेवढ्यात केसरबाईनं चहा आणला. पत्रूच्या कपात साखर नव्हती. तिला ते सांगावं लागलं नाही.

वजनकाटा आता उपकेंद्रात असतो. मॅडमनी मागितला आणि पत्रूनं देऊन टाकला. दुकानात तो पुन्हा फक्त मापं घेतो. माधवीला मुलगी झाली तेव्हा झबली-टोपडी शिवून घेऊन स्वतः गेला. सासूनं ती घेतली, पण दारातूनच.

आणि सकाळी तो चालायला जातो, गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवरून. आपलेही दोन किलो उतरवायचे म्हणून भागीरथा सोबत निघते. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, कोणी वारलं असणार, नाहीतर हे दोघं एकत्र एवढ्या सकाळी कशाला जातील? संसाराची पंचवीस वर्षं गेली, पण काही काम नसताना दोघं जोडीनं असं कधी चालले नव्हते. भागीरथा भारा नसल्यामुळं वाऱ्यासारखी चालते आणि चालता चालता बोलते. दिव्यानीच्या होस्टेलचं, शेजारच्या बांधाच्या भांडणाचं, कोणत्या म्हशीनं काय केलं त्याचं. घरी पत्रू तिला अर्ध्यात तोडायचा. इथे तो मागून पाय उचलत येतो, तोंड उघडं, नजर तिच्या टाचांवर.

परवा ती पाळीच्या वळणावर थांबली आणि मागं वळून कौतुकानं म्हणाली, "आजकाल कसं बाप्पा माहं सारं आयकून घेता!"

पत्रूला सांगायचं होतं, की आपण ऐकत नसून नुसती धाप लागली आहे. पण तेवढं बोलायलाही दम पाहिजे होता. त्यानं मान डोलावली. भागीरथा खूश झाली आणि म्हशीची गोष्ट तिनं पहिल्यापासून सुरू केली.